सीटबेल्टचा आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मेधालाही नाही — आणि मेधा माझी बायको आहे, तिच्यापासून काही लपवायचं म्हणजे घरातल्या घरात तस्करी करण्यासारखं आहे. पुण्याच्या मित्रांना नाही, ज्यांना मी एरवी नको तेवढं सांगत असतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ऐकताना तुमचा चेहरा बदलेल तो मला दिसणार नाही, म्हणून असेल. दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

सुरुवात एका वस्तूपासून करतो. माणसापासून करायला हवी, कळतंय मला. पण वस्तूपासून सोपं जातं.

वस्तू म्हणजे रडार डिटेक्टर. साबणाच्या वडीएवढी काळी डबी. रस्त्यावर पोलिसांचं वेग मोजणारं यंत्र चालू असेल तर त्याच्या लहरी ही डबी लांबूनच पकडते आणि बीप-बीप वाजायला लागते. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता, सज्जन होता, आणि यंत्र मागे पडलं की पुन्हा होतात तसे होता. सिंगापूरमध्ये ही वस्तू वापरणं सोडाच, नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. मला माहीत नव्हतं का? — होतं. मी एका बँकेत कंप्लायन्समध्ये आहे. बाकीचे लोक नियम पाळतात की नाही हे बघणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. नवीन भरती झालेल्या मुलांना मी दर वर्षी व्याख्यान देतो: ‘चूक झाली तर पहिल्या तासात सांगा. लपवलेली चूक दुप्पट होते.’ मुलं लिहून घेतात.

डबी निवडायला मी जेवढा अभ्यास केला तेवढा फ्लॅट घेताना केला नव्हता. इंटरनेटवर या विषयाचे पंडित आहेत आणि त्यांचे आपसांत पंथ आहेत. लेझर पकडणारी डबी घ्यावी की नाही यावर हाणामाऱ्या होतात — कारण लेझरचा इशारा वाजेपर्यंत तुमचा वेग मोजून झालेला असतो. म्हणजे ती डबी तुम्हाला वाचवत नाही, फक्त निकाल सांगते. स्वस्तातली डबी कशालाही वाजते. मॉलच्या आपोआप उघडणाऱ्या दारांना वाजते, शेजारच्या गाडीच्या सेन्सरला वाजते. महागातली जरा विचार करून वाजते. वायर लावून चालणारी डबी जास्त भरवशाची, पण वायर दिसते. बॅटरीवरची थोडी बहिरी, पण कुठेही ठेवता येते.

मी बॅटरीवरची घेतली. आता वाटतं, सगळं तिथेच ठरलं होतं. मी चांगली डबी शोधत नव्हतो. लपवता येईल अशी शोधत होतो.

जोहोर बाहरूला — म्हणजे पूल ओलांडला की मलेशियात जे पहिलं शहर लागतं तिथे — गाडीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात ती मिळाली. दुकानदाराने माझ्या गाडीची नंबरप्लेट बघितली आणि डबी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “बॉस, सिंगापूर कॅनॉट, हं?” मी म्हटलं, “आय नो, आय नो.” आम्ही दोघेही हसलो. किती सहज हसलो.

तुम्हाला वाटेल, हा माणूस गाडी उडवत असणार. मुळीच नाही. मी डाव्या लेनमधून जाणारा माणूस आहे. मागच्या लॉऱ्या मला हॉर्न देतात. शिवाय या देशात वेगाच्या कॅमेऱ्याआधी पाटी असते, कॅमेरा भडक रंगाचा असतो, कुठे कुठे आहे ते सरकार स्वतःच जाहीर करतं. एवढं होऊनही ज्याला पकडलं जाण्याची भीती वाटते त्याला डबीची नाही, चष्म्याची गरज आहे. मग मला ती कशाला हवी होती? मला वेग नको होता. मला सूट हवी होती. सगळ्यांबरोबर रांगेत शहाण्यासारखं उभं राहायचं, आणि खिशात मागच्या दाराची किल्ली आहे हे फक्त आपल्याला माहीत असायचं — ते सुख. वापरायचीही गरज नसते त्या किल्लीची.

ठेवायची कुठे? त्याचं उत्तर माझ्या आईने आधीच देऊन ठेवलं होतं.

गाडी घेतली तेव्हा आई पुण्याहून आली होती. काँडोच्या, म्हणजे आमच्या इथल्या सोसायटीच्या, तळघरातल्या पार्किंगमध्ये तिने गाडीची यथासांग पूजा केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. नारळ फोडायला गेली तर वॉचमन धावत आला. “आंटी, हिअर कॅनॉट!” आईने त्यालाच तो नारळ देऊन टाकला. मग डॅशबोर्डवर गणपती बसवला — वीतभर उंचीचा, आणि त्याच्याखाली तुळशीबागेतून आणलेला छोटा लाकडी चौरंग. चौरंगाला पुढून जाळी, आत पोकळ. डबी आत अशी बसली की कारागिराने मापच घेतलं असावं. काचेच्या बाजूने जाळीतून लहरी आत येणार, आपल्या बाजूने फक्त गणपती दिसणार. देवावर माझा विश्वास नाही. देवाखालच्या जागेवर मात्र बसला.

मेधाला कळलं नाही. पण डबी वाजायची. पहिल्यांदा वाजली तेव्हा माझी मुलगी ईरा मागच्या सीटवर टाळ्या पिटत म्हणाली, “बाप्पा बीप केला!” मी म्हटलं, “बाप्पा नाही गं, सीटबेल्टचा आवाज आहे.” मेधाने विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. सेन्सर खराब झालाय, कधीतरी दाखवायला हवा. एकदा सांगितलं की ते खोटं आपलं आपण चालतं, तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता माणसाकडे येतो. आणखी लांबवता येणार नाही.

सुबोध मेश्राम. नागपूरचा. बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत संशोधक होता. खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळं काढणाऱ्या पडद्यांवर काम करायचा. ओळख झाली ती जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखाली खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे. तो आपल्या मुलीला मराठीतून रागावत होता — “सौम्या, भाताला चमचा लाव, फोनला नाही” — आणि मी शेजारच्या टेबलावरून दाद दिली. माझ्यापेक्षा बराच लहान. पहिल्या भेटीतच ‘दादा’ म्हणायला लागला. त्याची बायको करुणा मला ‘भाऊजी’ म्हणायची. भारतीय भाडेकरू नको म्हणणाऱ्या घरमालकांना कंटाळून ते मेटाकुटीला आले होते, तेव्हा मी माझं वजन वापरून त्यांना आमच्या जवळच एक फ्लॅट मिळवून दिला. हे मी माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून सांगत नाही. पुढे काय झालं त्याच्या शेजारी ठेवून बघा, एवढंच.

सुबोध बौद्ध. मी कुठल्या जातीचा हे माझ्या आडनावावरून लगेच कळतं, म्हणून आडनाव इथे सांगत नाही. बघा, घाबरटपणा एकदा अंगवळणी पडला की कबुली देतानाही सुटत नाही. ‘आमच्या घरात जातपात नाही’ हे वाक्य मी पार्ट्यांमध्ये खूपदा म्हटलंय. ज्यांच्या घरात ती खरंच नसते त्यांना असं म्हणावं लागत नाही, हे सुबोधने कधी बोलून दाखवलं नाही. तो सभ्य माणूस होता.

आणि त्याचा पीआरचा अर्ज गेलेला होता. पीआर म्हणजे इथे कायमचं राहण्याची परवानगी. मला नागरिकत्वच मिळून गेलं होतं, त्यामुळे मी ती धाकधूक विसरलो होतो. त्याच्या घरात सगळी वाक्यं त्याच शब्दापासून सुरू व्हायची. पीआर झाली की सौम्याच्या शाळेची चिंता नाही. पीआर झाली की करुणा पुढे शिकणार. पीआर झाली की आई-बाबांना दर वर्षी आणणार. करुणा एकदा मेधाला म्हणाली होती, “वहिनी, मी नवीन पडदेसुद्धा घेत नाही. पीआर झाल्यावर घेईन.”

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं समुद्राकाठी जेवायला चाललो होतो. गाडी मी चालवत होतो, सुबोध शेजारी, बायका आणि मुली मागच्या दोन रांगांत. एक्सप्रेसवेवर डबी वाजली. सुबोधने विचारलं, “दादा, काय वाजलं?” मी म्हटलं, “सीटबेल्ट. मागे कुणाचा तरी सैल असेल.” तो मागे वळला. एकेकीला बेल्ट ओढून बघायला लावला, अगदी मन लावून. सगळ्यांचे नीट होते. तेवढ्यात ईरा म्हणाली, “नो लाह, अंकल! इट्स बाप्पा! अवर बाप्पा कॅन बीप वन!” सगळे हसले. सुबोधही हसला. मग त्याने समोरच्या गणपतीकडे बघितलं — जरा जास्त वेळ — आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तो दिवसभर सेन्सरांशी खेळणारा माणूस. आणि मी त्याला सीटबेल्ट सांगत होतो.

पुढे त्याचे आई-वडील नागपूरहून आले. वडील पोस्टातून निवृत्त झालेले. गाडीत बसून दुसऱ्या देशात जाता येतं आणि संध्याकाळच्या चहाला परत येता येतं, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. सुबोध भाड्याची गाडी बघत होता. मी म्हटलं, “वेडा आहेस का? माझी घेऊन जा.” म्हातारे हरखले. “गाडी कशी नवी ठेवली जी तुम्ही!” म्हणत काकांनी दारावरून हात फिरवला.

शनिवारी सकाळी तो किल्ली घ्यायला येणार होता. त्याआधी मी एकटाच खाली पार्किंगमध्ये गेलो आणि डॅशबोर्डवरचा गणपती काढला. का? — ऐका, मला वाटलं, हे बौद्ध लोक, वयस्कर माणसं, दिवसभर गणपतीकडे तोंड करून बसायचं म्हणजे त्यांना अवघड होईल. कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. मी आपला मनातल्या मनात पुरोगामी झालो. त्या सकाळी स्वतःवर इतका खूश होतो मी की चौरंग उचलल्यावर हातात डबी आली तेव्हा क्षणभर ही कुणाची असंच वाटलं.

एका हातात गणपती, दुसऱ्यात चौरंग. डबी वर घरी न्यावी तर मेधा दारातच विचारणार, हे काय. मी ती पिवळ्या फडक्यात गुंडाळली आणि चालकाच्या सीटखाली सरकवून दिली.

विसरलो असं म्हणता आलं असतं. कितीतरी रात्री मी स्वतःला तेच सांगून बघितलंय. पण विसरलो नव्हतो. सुबोध आला, किल्ली हातात घेतली, आत डोकावला. डॅशबोर्डवर चौरंगाच्या पायांचे ठसे होते, त्यांच्याकडे बघून म्हणाला, “दादा, गणपती कुठे गेला?” मी म्हटलं, “काढला रे. म्हटलं आई-बाबांना उगीच...” तो हसला. “अहो, आईला काय त्याचं. ती म्हणते, ज्याची गाडी त्याचा देव.” त्या क्षणी मला सीटखालची डबी आठवली. लख्ख आठवली. पण तो समोर उभा होता. त्याच्यादेखत खाली वाकून काय काढायचं आणि काय सांगायचं? एका दिवसाचा तर प्रश्न. मी म्हटलं, “सांभाळून चालव.”

असा तो चालला. माझ्या सौजन्याने त्या डबीवरचा गणपती तेवढा काढून घेतला होता.

दुपारी आम्ही जेवत होतो. मेधाने मसालेभात केला होता. फोन वाजला. सुबोधचा आवाज नेहमीसारखाच शांत, फक्त शब्द जरा सुटे सुटे येत होते. “दादा, परत येताना तपासणीत गाडी बाजूला घेतलीय. सीटखाली एक काळी डबी सापडली. रडारची आहे म्हणतात, इथे चालत नाही.” आणि मग — “तुमची आहे का?”

तुम्ही काय म्हणाला असता? नको, सांगू नका.

मेधा समोर वाढत होती. ईरा माझ्याकडे बघत होती. डोक्यात काय काय आलं असेल असं तुम्हाला वाटेल — नोकरी, नाव, घर. काही नाही आलं. विचार करायला वेळ लागतो, आणि भित्रेपणाला अजिबात लागत नाही. मी म्हटलं, “डबी? कसली डबी? नाही रे, माझी नाही.”

पलीकडून त्याच्या वडिलांचा आवाज ऐकू आला. “काय म्हणतात जी ते?” विचारत होते. कुणाला विचारत होते, मला आजही माहीत नाही. मग सुबोध म्हणाला, “बरं. ठीक आहे, दादा.”

त्यानंतर अधिकारी फोनवर आला आणि मी माझं ऑफिसातलं इंग्रजी काढलं. ते गुळगुळीत असतं. त्यावर काही टिकत नाही. हो, गाडी माझी. नाही, ही वस्तू मला ठाऊक नाही. पुढे पोलिसांसमोर बसूनही मी तेच सांगितलं. मी कुठे काम करतो ते सांगितलं, आणि समोरच्या माणसाचे खांदे सैल झालेले मला दिसले. आणि मग मी एक वाक्य बोललो. कुणी विचारलेलं नसताना. म्हणालो, “तो खरंच चांगला मुलगा आहे, ऑफिसर. काहीतरी गैरसमज झाला असेल त्याचा.”

ते ‘त्याचा’ ऐकलंत? मी त्याची बाजू घेतली आणि त्याच वाक्यात डबी त्याच्या पदरात घातली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच वाक्य तारीफ होती.

सुबोधने काय सांगितलं? एवढंच, की डबी माझी नाही, कुणाची ते मी सांगू शकत नाही. ‘या गाडीत बीप वाजायचं, मी ऐकलंय’ — हे त्याने सांगितलं नाही. एक वाक्य होतं ते. सांगितलं असतं तर पोलिसांनी मला पुन्हा बोलावलं असतं, ईरालाही विचारलं असतं, आणि ईराने आनंदाने सांगितलं असतं. का नाही सांगितलं त्याने? फ्लॅट मिळवून दिला त्याची भिडेखातर परतफेड? मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तो मला वेळ देत होता. आज नाही तर उद्या दादा स्वतःच जाऊन सांगतील. त्याने वाट बघितली. मी ती बघू दिली. शेवटी वकिलाने त्याला सांगितलं की भांडत बसलास तर पीआरच्या अर्जावर हे किती महिने लोंबकळत राहील सांगता येत नाही; मान्य करून मोकळा हो. त्याने मान्य केलं. चालवणारा मी होतो, जबाबदारी माझी, असं म्हणाला. दंड झाला. डबी जप्त झाली.

मला गाडी परत मिळाल्यावर तो घरी आला होता. हातात संत्रा बर्फीचा डबा. “आईने दिलाय. जाताना द्यायचा राहिला म्हणाली.” एवढंच बोलला, चहा घेतला, गेला. ती बर्फी आम्ही खाल्ली. मीही खाल्ली. चांगली होती.

मेधा म्हणाली, “सुबोधने असं का केलं असेल रे? त्याला काय गरज होती त्या डबीची?”

मी म्हटलं, “माणसांचं काही सांगता येत नाही.”

अजून एक आहे. हे टाळून पुढे जाणार होतो, पण मग हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या वर्षी इथल्या आमच्या मराठी मंडळाने माझं भाषण ठेवलं. विषय काय असावा? — ‘परदेशातील मराठी माणूस आणि सचोटी’. मंडळाचे अध्यक्ष रेशमी झब्ब्यात होते. माइक चालतोय की नाही हे बघायलाच ते पाच मिनिटं बोलतात. भाषणाआधी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “कळलं बरं का तुमच्या गाडीचं प्रकरण. इतका विश्वास टाकू नये. मोठ्या नोकऱ्या मिळाल्या म्हणून सगळंच येतं असं नाही ना या लोकांना.” आणि डोळा बारीक केला.

‘या लोकांना.’ मला कळलं. त्यांना कळलं की मला कळलं. मी काय केलं? एरवी मी असल्या माणसांची यथेच्छ टर उडवतो; घरी येऊन मेधाला त्यांची नक्कल करून दाखवतो. त्या दिवशी मी हसलो. छोटंसं. ओठांच्या एका बाजूने, जसं सहमतीसाठी हसतात. माझी डबी, माझं खोटं, आणि त्यात हा माणूस एका अख्ख्या समाजाला गुंडाळत होता — आणि मला ते सोयीचं होतं. मग मी व्यासपीठावर जाऊन सचोटीवर बोललो. भाषण उत्तम झालं. सिंगापूरच्या त्या दमट उकाड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर लोकरी शाल घातली. घाम फुटला मला. लोकांना वाटलं, भारावलो.

सुबोधची पीआर नाकारली गेली. कारण देत नाहीत इथे. नंतर प्रयोगशाळेने त्याचा करार पुढे वाढवला नाही. त्याचंही कारण सांगितलं नाही. कारण न सांगणं ही इथली सभ्य पद्धत आहे. त्यामुळे मला कधीच कळणार नाही — डबीमुळे झालं, की एरवीही झालंच असतं? अनेकांची नाकारतात. कधी या न कळण्याची मला सोय वाटते, कधी शिक्षा. बहुतेक दिवशी दोन्ही.

सौम्याची शाळा वर्ष संपायच्या आत सुटली. करुणाने सामान विकायला काढलं. खिडक्यांना घरमालकाचे जुनेच पडदे होते.

विमानतळावर सोडायला मी गेलो. टॅक्सी करतो म्हणत होता, मी ऐकलं नाही. त्याच गाडीतून. मेधाच्या आग्रहाखातर गणपती पुन्हा डॅशबोर्डवर आला होता, खाली तोच चौरंग, आत रिकामा. करुणा आणि सौम्या मागे, बॅगांमध्ये अडकून. सुबोध माझ्या शेजारी. एक्सप्रेसवेला लागलो. दोन्ही बाजूंना ती छत्रीसारखी पसरलेली झाडं, कापून सारखी केलेली फुलझाडं. या शहरातून कुणाला जावं लागत असेल असं त्या रस्त्यावर वाटूच शकत नाही. पुढे कॅमेऱ्याची पाटी आली, मग कॅमेरा आला, मग मागे गेला.

सुबोध समोर बघत होता. गणपतीकडे नाही — त्याच्याखाली, चौरंगाकडे. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, “सीटबेल्टचा आवाज येत नाही आता, दादा.”

मला वाटतं, तो शेवटचं दार उघडत होता. आता काही जाणार नव्हतं. पोलीस नव्हते, अर्ज नव्हता, सगळं होऊन गेलं होतं. फक्त मी आणि तो. एक शब्द म्हणायचा होता. सुबोध — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, पुढचं त्यानेच समजून घेतलं असतं. इतकी मोकळी वाट मला पुन्हा कुणी देणार नाही.

मी म्हटलं, “हो ना. दुरुस्त करून घेतला.”

तो म्हणाला, “बरं केलंत.”

टर्मिनलला त्याने सगळ्या बॅगा स्वतः उतरवल्या. मला हात लावू दिला नाही. करुणाने वाकून नमस्कार केला. मी ‘अगं, अगं’ म्हणत राहिलो आणि नमस्कार घेतला. सौम्या “बाय, काका” म्हणाली. मग ते तिघं ट्रॉली ढकलत काचेच्या दारापाशी गेले. दार आपोआप उघडलं. अशा दारांना ती डबी हमखास वाजायची; जुरोंगच्या मॉलपाशी तर नेहमी. अजूनही कुठलंही दार असं समोर उघडलं की माझे कान टवकारतात, पाय थांबतो, मागचा माणूस येऊन आदळतो. मेधा म्हणते, तू हल्ली दारात अडखळतोस.

त्या दिवशी मी गाडीत बसून ऐकत राहिलो. दार उघडलं, ते आत गेले, दार बंद झालं. काही वाजलं नाही.

डबी माझी होती.